काढण्यापूर्वी पारख

[संगणकावर एकाच सॉफ्टवेअरची दोनदा नोंद झाली, तर जास्तीची नोंद काढून टाकणे आवश्यक असते. परंतु ती काढण्यात थोडी जरी घाई झाली, तरी सारा संगणक बंद पडू शकतो. हे काम कोणत्या क्रमाने व कोणत्या सावधगिरीने करावे, याची माहिती या पाठात दिली आहे.]

घरातील फडताळ आवरताना पुष्कळदा दोन सारख्या किल्ल्या हाती लागतात. त्यांतील एक जास्तीची असावी, असे समजून ती फेकून देण्याचा मोह होतो. जाणते माणूस मात्र तसे करू देत नाही. दोन्ही किल्ल्या कुलपांना लावून पाहिल्या, म्हणजे एक पुढच्या दाराची आणि दुसरी माळ्यावरच्या पेटीची निघते! दिसण्यात सारख्या असलेल्या वस्तू उपयोगातही सारख्या असतील, असा काही नियम नाही. संगणकाची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला तर ही गोष्ट नित्य ध्यानात ठेवावी लागते.

संगणक हे यंत्र आपल्या डोळ्यांना दिसते. परंतु त्या यंत्राला कामाला लावणाऱ्या सूचना दिसत नाहीत. अशा सूचनांच्या समुदायाला आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर असे म्हणतात. चित्रे काढण्याची आज्ञावली असो की पत्रे लिहिण्याची असो, ती सहसा एकाच फाईलमध्ये मावत नाही. तिच्या कित्येक फायली असतात आणि त्या संगणकात ठरलेल्या ठिकाणीच ठेवाव्या लागतात. त्या सुट्या सुट्या पाठवल्या, तर एखादी हरवण्याचा किंवा भलत्याच जागी पडण्याचा संभव असतो. म्हणून त्या सर्व एकत्र बांधून त्यांचे एक गाठोडे करतात. त्या गाठोड्यालाच पॅकेज म्हणतात.

पॅकेजात नुसत्या फायली नसतात. त्यांबरोबर एक सविस्तर चिठ्ठीही असते. पॅकेजाचे नाव काय, ते कितवी आवृत्ती आहे, कोणत्या जातीच्या प्रोसेसरसाठी ते तयार केले आहे, त्यातील कोणती फाईल कोठे ठेवावयाची, हे सारे त्या चिठ्ठीत लिहिलेले असते. त्याखेरीज आणखी एक महत्त्वाची गोष्ट तीत असते. हे पॅकेज चालावयाचे, तर आणखी कोणती पॅकेजे संगणकात असली पाहिजेत, तीही नावे तीत दिलेली असतात. एक पॅकेज दुसऱ्याच्या आधाराने उभे असते, दुसरे तिसऱ्याच्या. भिंतीतील चिऱ्यांप्रमाणे ही पॅकेजे एकमेकांवर विसावलेली असतात, असे म्हणावयास हरकत नाही.

या पद्धतीचे एक ठळक उदाहरण म्हणजे लिनक्स ही प्रणाली होय. १९९१ साली फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने या प्रणालीचा गाभा लिहून तो जगाला खुला केला. या गाभ्याला कर्नेल असे म्हणतात. यंत्राचे भाग आणि आज्ञावल्या यांची गाठ घालून देणे, हे कर्नेलचे काम. पुढे नाना देशांतील लोकांनी त्यात भर घातली. कर्नेलभोवती हजारो उपयुक्त पॅकेजे जमवून ती एकत्र देण्याचा प्रघात पडला. अशा संग्रहाला वितरण म्हणतात. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेले डेबियन आणि २००३ साली निघालेले फेडोरा ही त्यांतील दोन प्रसिद्ध वितरणे होत.

इतक्या पॅकेजांचा हिशेब माणसाने तोंडी ठेवणे अशक्य होते. म्हणून १९९५ साली रेड हॅट या कंपनीच्या वितरणात आरपीएम नावाचे एक साधन आले. मार्क युइंग व एरिक ट्रोआन हे त्याचे कर्ते. हे साधन पॅकेज बसवते, काढते आणि प्रत्येक पॅकेजाची नोंद आपल्या नोंदवहीत ठेवते. ग्रंथालयात जसे दाखल-पुस्तक असते, तशीच ही नोंदवही होय. पुढे पॅकेजांचे परस्पर आधार ओळखून जरूर ती पॅकेजे आपण होऊन आणणारे यम नावाचे साधन अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झाले. २०१५ साली फेडोराच्या २२व्या आवृत्तीत त्याची जागा डीएनएफ या नव्या साधनाने घेतली. तरी नोंदवही ठेवण्याचे मूळ काम आरपीएमकडेच राहिले.

आता प्रश्न असा, की इतकी चोख नोंदवही असताना एकाच पॅकेजाच्या दोन नोंदी होतात तरी कशा? याचे उत्तर पॅकेजाचे नूतनीकरण ज्या क्रमाने होते, त्या क्रमात आहे. नव्या आवृत्तीचे पॅकेज आले, म्हणजे आरपीएम आधी जुने काढून मग नवे बसवत नाही. ते आधी नवे बसवते, त्याची नोंद करते आणि मागाहून जुने काढते. यात मोठे शहाणपण आहे. नवे घर राहण्याजोगे झाल्यावाचून जुने पाडू नये, असे आपणही म्हणतोच. आधी जुने काढले आणि तेवढ्यात काम थांबले, तर संगणकापाशी जुनेही नाही आणि नवेही नाही, अशी अवस्था होईल.

एक हिशेब करून पाहू. समजा, २०० पॅकेजांचे नूतनीकरण करावयाचे आहे. स्थूलमानाने त्याची ४०० पावले होतील. पहिल्या २०० पावलांत नवी पॅकेजे बसतील व पुढील २०० पावलांत जुनी निघतील. समजा, २५० पावले झाली आणि वीज गेली. त्या वेळी सर्व नवी पॅकेजे बसलेली असतील. जुन्यांपैकी ५० निघालेली असतील. परंतु १५० जुनी पॅकेजे नोंदवहीत तशीच राहून जातील. वीज आल्यावर नोंदवही उघडावी, तो १५० नावांपुढे दोन दोन आवृत्त्या दिसतात! यांनाच दुबार पॅकेजे म्हणतात.

वीज जाणे हे याचे एकच कारण नव्हे. ऑक्टोबर २०१६ मध्ये फेडोराच्या २४व्या आवृत्तीबाबत असाच एक प्रकार घडला. काही संगणकांवर एका पॅकेजाचे नूतनीकरण होत असतानाच पडद्यावरील सारा चित्रमय देखावा एकाएकी बंद पडू लागला. ज्या खिडकीतून नूतनीकरणाची आज्ञा दिली होती, ती खिडकीही त्याच देखाव्यात होती. त्यामुळे खिडकीबरोबर नूतनीकरणही अर्ध्यावर तुटले आणि नोंदवहीत दुबार नोंदी राहिल्या. फांदीवर बसून तीच फांदी तोडण्यासारखे हे झाले! दुरुस्ती होईपर्यंत चित्रमय पडद्यातून नूतनीकरण करू नये, अशी सूचना फेडोराच्या कार्यकर्त्यांना सर्वांना द्यावी लागली.

कोणी म्हणेल, 'दोन नोंदी राहिल्या, तर बिघडले कुठे? संगणक तर चालू आहे.' परंतु हे म्हणणे बरोबर नाही. नोंदवहीच खोटी झाली, म्हणजे पुढचा हिशेब जुळत नाही. एक पॅकेज जुन्या आवृत्तीवर आधार ठेवते, दुसरे नव्या आवृत्तीवर. अशा वेळी पुढील नूतनीकरण अडून बसते. नूतनीकरण अडणे ही लहान गोष्ट नव्हे. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या पॅकेजातील एक गंभीर दोष जाहीर झाला. संगणकांमधील गुप्त संदेशवहन ज्या पॅकेजावर अवलंबून असते, त्यातच हे भगदाड होते. त्यातून परक्या माणसाला संगणकाच्या स्मृतीतील गुप्त मजकूर वाचता येत असे. 'हार्टब्लीड' या नावाने तो दोष ओळखला जातो. त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही निघाली. ज्यांच्या नोंदवह्या नीट होत्या, त्यांना ती तत्काळ बसवता आली. ज्या संगणकाची नोंदवही बिघडलेली असेल, त्याच्या दाराशी असे औषध आले, तरी ते पोटात जात नाही. म्हणून दुबार नोंदी काढल्याच पाहिजेत.

काढावयाच्या हे ठरले. पण त्या काढावयाच्या कशा? नवशिक्या माणसाला वाटते, 'जुन्या पॅकेजाच्या फायली शोधाव्या आणि पुसून टाकाव्या, झाले!' येथेच त्याची फसगत होते. नोंदी दोन असल्या, तरी फायली बहुधा एकच असतात. संगणकात एका ठिकाणी एका नावाची एकच फाईल राहू शकते. नवे पॅकेज बसले, तेव्हा त्याच्या फायली जुन्या फायलींच्या जागी येऊन बसल्या. जुन्या पॅकेजाच्या यादीत ज्या फाईलचे नाव आहे, त्या जागी आता नवी फाईल आहे. म्हणजे जुनी समजून आपण जी फाईल पुसू, ती वस्तुतः नवी असेल! ग्रंथालयाच्या दाखल-पुस्तकात एका ग्रंथाची चुकून दोनदा नोंद झाली, तर शहाणा ग्रंथपाल जास्तीची नोंद रद्द करतो. तो कपाटातील ग्रंथ फाडून टाकीत नाही. फायली हाताने पुसणे म्हणजे ग्रंथ फाडणेच होय.

यासाठी पॅकेज काढण्याचे काम नोंदवही ठेवणाऱ्या साधनाकडेच सोपवावे. आरपीएम जुने पॅकेज काढते, तेव्हा त्यातील प्रत्येक फाईल आणखी कोणत्या पॅकेजाच्या नावावर आहे काय, हे ते पाहते. जी फाईल नव्या पॅकेजाच्याही नावावर असेल, तिला ते हात लावत नाही. जी केवळ जुन्याच्याच नावावर असेल, तेवढीच ते पुसते. हा विवेक माणसाने हजारो फायलींबाबत हाताने करावयाचा म्हटला, तर एक चूक ठेवलेलीच.

परंतु साधनाला आज्ञा देण्यापूर्वी आपल्यालाही एक काम करावे लागते. ते काम म्हणजे खऱ्या दुबार नोंदी कोणत्या आणि नुसत्या तशा दिसणाऱ्या कोणत्या, हे ओळखणे. काही जोड्या जाणूनबुजून ठेवलेल्या असतात. त्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार कर्नेलचा. फेडोरात कर्नेलच्या एकाहून अधिक आवृत्त्या मुद्दाम राखून ठेवतात, सामान्यतः तीन. याचे कारण उघड आहे. नवे कर्नेल एखाद्या यंत्राला मानवले नाही, तर तो संगणक सुरूच होणार नाही. अशा वेळी संगणक सुरू होताना जी यादी दिसते, तीतून जुने कर्नेल निवडून काम चालवता येते. जुने कर्नेल हा अडगळीचा माल नव्हे. तो संकटकाळचा आधार आहे.

दुसरा प्रकार प्रोसेसरच्या जातीचा. काही जुन्या आज्ञावल्या ३२ बिटांच्या असतात आणि आजचे बहुतेक संगणक ६४ बिटांचे असतात. दोन्ही प्रकारच्या आज्ञावल्या एकाच संगणकावर चालवावयाच्या असल्या, तर त्यांना लागणारे एकच पॅकेज दोन्ही जातींचे ठेवावे लागते. त्या दोहोंचे नाव एक, आवृत्तीही एक. फरक तो फक्त नावाच्या शेवटी लिहिलेल्या जातीचा. जो माणूस नाव शेवटपर्यंत वाचत नाही, त्याला ही जोडी दुबार वाटते.

तिसरा प्रकार सहीच्या किल्ल्यांचा. पॅकेज खरोखर त्याच्या कर्त्यांकडूनच आले आहे की वाटेत कोणी त्यात लबाडी केली आहे, हे ओळखण्यासाठी पॅकेजावर गणिती पद्धतीने सही केलेली असते. ती सही तपासण्याच्या किल्ल्याही कित्येक संगणकांवर आरपीएमच्या नोंदवहीत पॅकेजांप्रमाणेच नोंदलेल्या असतात आणि त्या सर्वांचे मुख्य नाव एकच असते. त्यांतील एखादी जास्तीची समजून काढली, तर तिने ज्यांची सही तपासावयाची, ती पॅकेजे आपल्याला परकी होतात.

ही पारख झाल्यावर प्रत्यक्ष कामाकडे वळावे. या कामाचा क्रम असा आहे. सर्वांत आधी आपली पत्रे, हिशेब, चित्रे इत्यादी मोलाचा मजकूर दुसऱ्या तबकडीवर उतरवून घ्यावा. नोंदवहीचीही एक नक्कल करून ठेवावी. नक्कल घेतल्यावाचून दुरुस्तीला हात घालणे म्हणजे दोर बांधल्यावाचून विहिरीत उतरणे होय. त्यानंतर विजेची खात्री करून घ्यावी. पहिले काम तुटल्यामुळे जो घोटाळा झाला, तो निस्तरताना पुन्हा काम तुटले, तर गुंता दुप्पट होतो.

मग दुबार नोंदींची यादी साधनाकडूनच मागावी. ती यादी कागदावर उतरवून वर सांगितलेल्या तीन प्रकारच्या जोड्या तिच्यातून वगळाव्या. जी नावे उरतील, त्यांच्याबाबत नवी आवृत्ती कोणती आणि जुनी कोणती, हे नीट लिहावे. येथे आकडे वाचताना गफलत होते. दशांश अपूर्णांकांत १.९ ही संख्या १.१० हून मोठी असते. परंतु आवृत्तीच्या आकड्यांत ठिपक्यापुढील भाग स्वतंत्र पूर्णांक म्हणून मोजतात. १० हा ९ हून मोठा, म्हणून १.१० ही आवृत्ती १.९ च्या नंतरची ठरते. जो हे विसरेल, तो नवे काढून जुने ठेवील.

त्यानंतर नवे पॅकेज धडधाकट आहे काय, ते तपासावे. आरपीएमच्या नोंदवहीत प्रत्येक फाईलचा आकार लिहिलेला असतो. तिच्यातील मजकुरावरून गणिताने काढलेला एक ठसाही तेथे असतो. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले, तरी हा ठसा बदलतो. त्यामुळे प्रत्यक्ष फाईल आणि नोंद यांचा मेळ बसतो की नाही, हे साधन क्षणात सांगू शकते. मेळ बसत नसेल, तर ते पॅकेज पुन्हा बसवावे लागते.

एवढे झाल्यावरच जुनी नोंद काढण्याची आज्ञा द्यावी. डीएनएफमध्ये जुनी दुबार पॅकेजे काढून त्यांच्या नव्या आवृत्त्या पुन्हा बसवण्याची सोय करण्यात आली, ती याच हेतूने. आज्ञा मिळताच डीएनएफ कामाला लागत नाही. आपण काय काय काढणार आहोत, याची यादी ते आधी पडद्यावर दाखवते आणि 'हे ठीक आहे काय?' असे विचारते. त्यावर काहीच अक्षर न लिहिता नुसती एंटर कळ दाबली, तर त्याचा अर्थ 'नाही' असाच धरला जातो. ज्यांनी हे साधन घडवले, त्यांनी संशयाचा लाभ संगणकाला दिला आहे! ही यादी शांतपणे, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचावी. आपल्या कागदावर दहा नावे असतील आणि पडद्यावर तीनशे दिसत असतील, तर कोठेतरी आधाराचा चिरा हलतो आहे, असे समजावे आणि 'नाही' म्हणावे.

यादी न वाचल्यामुळे काय होते, याचा एक प्रसंग २०२१ साली जगाने पाहिला. संगणकाविषयी चित्रफिती तयार करणाऱ्या एका विख्यात माणसाने पॉप ओएस नावाच्या लिनक्स वितरणावर खेळांसाठी लागणारे एक पॅकेज बसवण्याची आज्ञा दिली. त्या वेळी पॅकेजांच्या परस्पर आधारांत एक दोष राहिला होता. त्यामुळे ते पॅकेज बसवण्यासाठी पडद्याच्या देखाव्याची पॅकेजेच काढून टाकावी लागणार होती. साधनाने तसा स्पष्ट इशारा दिला. इतकेच नव्हे, तर 'होय, मी सांगतो तसे कर,' अशा अर्थाचे पूर्ण वाक्य लिहिल्यावाचून पुढे जाणार नाही, असेही सांगितले. त्या माणसाने ते वाक्य लिहिले. दुसऱ्याच क्षणापासून देखाव्याची पॅकेजे निघू लागली आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे तेवढी उरली. दोष पॅकेजात होता, हे खरे. परंतु इशारा वाचला असता, तर हानी टळली असती, हेही तितकेच खरे.

आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कित्येकदा साधन नकार देते. 'या पॅकेजावर इतर पॅकेजे अवलंबून आहेत. ते काढता येत नाही,' असे ते म्हणते. अशा वेळी आधारांची तपासणी न करता पॅकेज बळजबरीने काढण्याची एक आज्ञा आरपीएममध्ये आहे. ती हाती धरण्यापूर्वी ग्लिबसी या पॅकेजाचे उदाहरण आठवावे. या पॅकेजातील सूचना जवळजवळ प्रत्येक आज्ञावली वापरते. ते बळजबरीने काढले, तर फायलींची यादी दाखवणे, नक्कल करणे, फाईल पुसणे यांसारख्या साध्या आज्ञाही चालत नाहीत. चूक सुधारावयाची, तर पॅकेज पुन्हा बसवले पाहिजे. आणि पॅकेज बसवणारे साधनही त्याच पॅकेजावर अवलंबून! शिडी वर असताना शिडीच ढकलून दिल्यासारखी ही स्थिती होते. मग बाहेरून दुसरी प्रणाली आणून तिच्या साहाय्याने संगणक सुरू करण्यावाचून मार्ग राहत नाही. साधनाचा नकार हा अडथळा नव्हे. तो इशारा आहे. डीएनएफ तर स्वतःला आणि त्या क्षणी चालू असलेल्या कर्नेलला साध्या आज्ञेने काढूच देत नाही.

जुन्या नोंदी निघाल्या, म्हणजे पुन्हा एकदा यादी मागावी. ती रिकामी आली आणि नोंदवहीचा मेळ बसला, तर राहिलेले नूतनीकरण पुरे करून घ्यावे. मग संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. कारण, जी आज्ञावली आधीपासून चालू असते, ती स्मृतीत घेतलेला जुना मजकूरच वापरीत राहते. नवा मजकूर तिला पुन्हा सुरू झाल्यावरच मिळतो. या वेळी जुने कर्नेल राखून ठेवलेले असले, म्हणजे मनाला धीर राहतो.

रोग झाल्यावर औषध घेण्यापेक्षा रोग होऊच न देणे बरे. नूतनीकरण चालू असताना वीज जाऊ नये म्हणून बॅटरीची सोय ठेवावी आणि मध्येच यंत्र बंद करू नये. फेडोरासारख्या वितरणांत आणखी एक उत्तम रीत आहे. नवी पॅकेजे आधी आणून ठेवावयाची आणि संगणक पुन्हा सुरू होत असताना, इतर आज्ञावल्या जाग्या होण्यापूर्वीच, ती बसवावयाची. घरातील माणसे बाहेर गेली असताना रंगकाम उरकण्यासारखेच हे आहे.

मुलांनो, हे काम संगणकाचे असले, तरी त्यातील शिस्त सर्वत्र उपयोगी पडणारी आहे. निरुपयोगी वस्तू काढून टाकणे चांगलेच. परंतु निरुपयोगी कोणती, हे तिच्याकडे नुसते पाहून ठरत नाही. तिच्यावर कोण अवलंबून आहे, हे पाहावे लागते. आणि ते पाहण्यास जो वेळ लागतो, तो कधीही वाया जात नाही.

शब्दार्थ

फडताळ – भिंतीतील कपाट. दाखल-पुस्तक – ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची नोंदवही. दुबार – दुसऱ्यांदा झालेले. नूतनीकरण – जुन्याच्या जागी नवे आणणे. वितरण – कर्नेल व त्याबरोबरच्या पॅकेजांचा संग्रह. स्थूलमानाने – साधारणपणे. विवेक – योग्य काय व अयोग्य काय, हे ओळखण्याची शक्ती. तबकडी – संगणकाचा मजकूर साठवण्याचे साधन. धडधाकट – सुस्थितीत असलेले.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पॅकेजाबरोबर असलेल्या चिठ्ठीत कोणकोणती माहिती असते?
(आ) आरपीएम नवे पॅकेज आधी बसवून जुने मागाहून का काढते?
(इ) दुबार पॅकेजाच्या फायली हाताने पुसणे धोक्याचे का आहे?
(ई) नोंदवही बिघडलेली राहिल्यास कोणते नुकसान होते?

२. दुबार दिसणाऱ्या, परंतु दुबार नसलेल्या नोंदींचे तीन प्रकार सांगून प्रत्येकाचा उपयोग लिहा.

३. हिशेब करा : ३०० पॅकेजांचे नूतनीकरण चालू असताना ४२० पावलांनंतर वीज गेली. नोंदवहीत किती पॅकेजे दुबार राहतील? १२० पावलांनंतर वीज गेली असती, तर किती राहिली असती?

४. पुढील आवृत्त्या जुनीपासून नवीपर्यंत क्रमाने लावा : २.१०, २.९, २.१, २.१२.

५. 'साधनाचा नकार हा अडथळा नव्हे. तो इशारा आहे,' या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : फसगत होणे, मेळ बसणे, घोटाळा निस्तरणे, हात घालणे.

७. 'पारख', 'सावधगिरी', 'नक्कल' या शब्दांना समानार्थी शब्द द्या. 'जुने', 'गुप्त', 'परका' यांना विरुद्धार्थी शब्द द्या.

८. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात जाऊन दाखल-पुस्तक पाहा. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी आढळल्यास ती खरोखर दुबार नोंद आहे की पुस्तकाच्या दोन प्रती आहेत, हे कसे ठरवावे, ते ग्रंथपालांना विचारून दहा ओळींत लिहा.